एअरब्रश का तुंबतो आणि तो कसा मोकळा करावा

दुपट्ट्याच्या एका काठाला गडद आणि दुसऱ्या काठाकडे फिका होत जाणारा रंग असला, की गिऱ्हाईक तो माल हातात घेऊन पाहतेच. नुसता उतरता रंग कापड बुडवूनही साधतो, पण त्याच्यावर धुरासारखी सावली असलेली फुले-पाने काढायची असतील तर रंग हवेनेच उडवावा लागतो. त्यासाठी पेनाएवढे जे अवजार वापरतात ते एअरब्रश होय. आमचे कारागीर त्याला सरळ 'गन' म्हणतात. गणेशमूर्ती रंगवणारे, मोटारसायकलच्या टाकीवर चित्रे काढणारे, केकवर रंग मारणारे बेकरीवाले आणि बिल्डरांसाठी इमारतींची लहान मॉडेल्स बनवणारे या सर्वांकडे हेच अवजार असते, आणि सर्वांची तक्रारही एकच असते. गन तुंबली, गन थुंकते.

या लहानशा अवजारावर व्यापाराच्या पानात लिहिण्याचे कारण आमच्या स्वतःच्या चुकीत आहे, म्हणून आधी ती सांगतो.

२०१६ साली रमजान जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला. त्याआधी माल बाजारात लागावा म्हणून मे महिन्यात मालेगावला आम्ही एका व्यापाऱ्यासाठी जॉर्जेटचे तीनशे दुपट्टे रंगवून घेत होतो. काम नगावर दिले होते, म्हणजे जितके दुपट्टे तितकी मजुरी. त्यातले नव्वदच्या आसपास परत आले. फिक्या भागावर मोहरीपेक्षाही बारीक गडद ठिपके होते. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ते दिसले नव्हते, गिऱ्हाइकाच्या दारातल्या उन्हात दिसले. तो माल सेकंडमध्ये गेला. आम्ही कारागिराला बोलावले तर तो म्हणाला, "सेठ, गन थूक रही है, मैं क्या करूँ?" आम्हाला ती सबब वाटली. नव्वद नगांची मजुरी आम्ही कापली.

पुढे महिन्याभराने खरेदीसाठी मुंबईला गेलो असता एका मॉडेल बनवणाऱ्याच्या कारखान्यात बसण्याचा योग आला. तिथे एक मुलगा गृहसंकुलाच्या मॉडेलवर बाल्कनीचे कठडे रंगवत होता. दर पाच-सहा मिनिटांनी तो थांबे, ओल्या कापसाच्या काडीने गनचे टोक पुसे आणि पुन्हा काम सुरू करी. रंग बदलला की कप धुऊन पाणी उडवी. मालक शेजारीच बसलेला, पण "वेळ का घालवतोस" असे एकदाही म्हणाला नाही. आमची थुंकणारी गन दुरुस्तीसाठी पिशवीत होतीच. ती आम्ही त्यांच्या उस्तादांना दाखवली. उस्तादांनी सुई काढली, नोझल काढले आणि आमच्याच खिशातली पिक ग्लास मागून घेतली. धागे मोजण्याच्या त्या भिंगातून नोझलच्या ओठाला गेलेली चीर आम्हाला स्वच्छ दिसली. कपाच्या तळातून सुताचे तंतू निघाले, कारण रंग आम्ही मलमलने गाळून देत होतो. म्हणजे नोझल जुने ते आमचे, रंगातला कचरा आमचा, नगावर घाई लावलेली ती आमची, आणि मजुरी मात्र कापली कारागिराची. मजुराच्या हक्काबद्दल आपल्या दीनने काय शिकवले आहे ते या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पैसे आम्ही परत केले, पण तोपर्यंत तो मुलगा सुरतेला निघून गेला होता. ते त्याच्या वालिदांच्या हातात द्यावे लागले. त्यांनी मोजलेही नाहीत.

आता मूळ विषयाकडे येऊ.

गनच्या आत एक लांब सुई असते. तिचे निमुळते टोक पुढच्या नोझलच्या छिद्रात बसते आणि ते छिद्र बुचासारखे बंद करते. ट्रिगर खाली दाबला की नोझलच्या भोवतीने हवा वेगाने बाहेर पडते. ट्रिगर मागे ओढला की सुई मागे सरकते, छिद्रात फट पडते आणि कपातला रंग त्या फटीतून हवेत ओढला जाऊन त्याचे धुके होते. बारीक मॉडेल कामासाठी ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरचे नोझल असते, कापडासाठी ०.५ चे बरे. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर ०.३ चे छिद्र म्हणजे ४० नंबरच्या सुताचे दोन धागे शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी रुंदी होईल तेवढे. त्यातही मध्ये सुई उभी. बारीक रेघ काढताना सुई आणि नोझल यांच्यात जी फट राहते ती एका धाग्याच्याही कितीतरी पट कमी असते. अशा वाटेत सुताचा एक तंतू आडवा बसला तरी पुरे.

पण बहुतेक वेळा वाट कचऱ्याने नव्हे, रंगानेच बंद होते. कापडावर उडवायचा पिगमेंट रंग हा स्वतः सुताला चिकटत नाही. त्याला बाइंडर नावाचा डिंकासारखा पदार्थ धरून ठेवतो. तो वाळला की त्याचा पातळ पापुद्रा बनतो, आणि पुढे सुमारे १५० अंशांवर काही मिनिटे शेकला की तो इतका पक्का होतो की धुण्यातही जात नाही. हा गुण कापडावर हवा म्हणून तर आपण तो रंग विकत घेतो. तोच बाइंडर सुईच्या टोकावर वाळला तर तिथेही तो पाण्याला दाद देत नाही. ओला असेपर्यंत पाण्याने जातो, वाळल्यावर जात नाही, एवढे एक वाक्य कारखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवले तरी अर्धे नुकसान टळेल. मॉडेलवाले जे ॲक्रिलिक रंग वापरतात त्यांचीही गत हीच आहे.

टोकावर रंग वाळतो कारण तिथून सतत जोराची हवा जात असते. ओला कपडा पंख्याखाली लवकर वाळतो तसेच हे. मालेगावचा मे महिना, ४२ अंशांची कोरडी हवा आणि कारागिराला घाम येतो म्हणून शेजारी लावलेला टेबल फॅन, अशा ठिकाणी टोकावर गाठ धरायला काही मिनिटेच लागतात. ती गाठ फुटून कापडावर पडते तोच आपला ठिपका. पंखा पाठीमागे वळवावा, रंग थोडा पातळ करावा, आणि उन्हाळ्यात रंगात ग्लिसरिनचे काही थेंब घालावेत म्हणजे तो उशिरा वाळतो. ग्लिसरिन जास्त झाले तर कापड चिकट राहते, तेव्हा आधी चिंधीवर पाहून घ्यावे.

दोष ओळखावा कसा?

गन खोलण्याआधी ती काय करते आहे ते दोन मिनिटे रद्दी कागदावर पाहावे. पुष्कळ जण हे न करता सरळ पकडी घेऊन बसतात.

रंग थांबून थांबून येत असेल किंवा थुंकल्यासारखे थेंब पडत असतील, तर टोकावर रंग वाळला आहे, किंवा रंग घट्ट आहे, किंवा हवा कमी आहे. मॉडेलच्या पातळ रंगाला १५ ते २० पौंड हवा पुरते. कापडाच्या रंगाला ३० ते ४० पौंड लागते. फवारा एका बाजूला जात असेल तर सुईचे टोक वाकले असणार, किंवा पुढच्या टोपीत एका अंगाला रंग साठला असणार. ट्रिगर नुसता दाबला, मागे ओढलाच नाही, तरी रंग येत असेल तर सुई नोझलमध्ये पूर्ण बसत नाही. कपात बुडबुडे येत असतील तर हवा उलटी रंगाच्या वाटेने शिरते आहे. याचा अर्थ पुढची टोपी तुंबली आहे, नोझल सैल आहे किंवा आमच्या नोझलसारखे चिरलेले आहे. ट्रिगरच्या खालून रंग झिरपला तर सुईभोवतीचा आतला वॉशर गेला असे समजावे.

आणि ठिपके रंगाचे नसून पाण्याचे असतील, म्हणजे रंग फिका होऊन पसरत असेल, तर गनला दोष देऊ नये. दाबलेल्या हवेतले बाष्प कॉम्प्रेसरच्या टाकीत आणि नळीत पाणी होऊन साठते. पावसाळ्यात तर फारच. टाकीच्या खालचा कॉक रोज संध्याकाळी उघडून पाणी काढून टाकावे आणि नळीवर पाणी अडवणारा फिल्टर बसवावा. आमच्याकडे एक पावसाळा याच्यामुळे वाया गेला आहे, पण ती कहाणी वेगळी.

मोकळा करण्याची रीत

पहिला उपाय सर्वांत सोपा. मऊ ब्रश किंवा कापसाची काडी पाण्यात, आणि रंग वाळला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून सुईचे टोक हलक्या हाताने पुसावे. मागून पुढे पुसावे, पुढून मागे नव्हे. टोक फार नाजूक असते. अर्ध्याहून अधिक वेळा काम एवढ्यावर भागते.

तेवढ्याने न भागल्यास कप रिकामा करून त्यात पाव-अर्धा कप पाणी किंवा क्लीनर घालावा. पुढच्या टोपीवर कापडाची जाड घडी धरून हवा कमी ठेवावी आणि ट्रिगर हळूच दाबून मागे ओढावा. पुढची वाट बंद असल्याने हवा उलटी फिरते, कपात बुडबुडे उठतात आणि आत अडकलेला रंग सुटून वर येतो. बोट लावू नये, टोकाशी सुई आहे, आणि दाबातली हवा कातडीत शिरली तर ते गंभीर दुखणे असते. कप काठोकाठ भरला असेल तर सगळे तोंडावर उडते, हाही आमचा अनुभव. ते घाण पाणी ओतून टाकावे, नवे घालावे, झाकणाला भोक पाडलेल्या बरणीत उडवावे, आणि बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा करावे.

हेही जमले नाही तरच गन खोलावी. खोलताना एक नियम पक्का धरावा : सुई सर्वांत आधी बाहेर आणि सर्वांत शेवटी आत. मागची दांडी काढून सुई आवळणारा नट सैल करावा आणि सुई सरळ मागे ओढावी. त्याआधी गन वरच्या रीतीने धुतलेली असावी, नाहीतर सुईवरचा रंग आतल्या वॉशरला माखतो. अडकली असेल तर पकडीने हिसका देऊ नये. कपात क्लीनर घालून तासभर ठेवावे, ती सुटते. मग पुढची टोपी काढून गनबरोबर आलेल्या लहान पान्याने नोझल काढावे. नोझल भाताच्या दाण्याएवढे असते. खाली पांढरा कपडा अंथरून बसावे, कारण फरशीवर पडले तर सापडत नाही.

सुई, नोझल आणि टोपी हे धातूचे तेवढे भाग काचेच्या वाटीत क्लीनरमध्ये अर्धा तास ठेवावेत, रंग फार जुना असल्यास रात्रभर. सगळी गन कधीही बुडवू नये. आतले रबर फुगते. ॲसिटोन किंवा लॅकर थिनर वापरायचा तर रबरी रिंगा काढलेल्या निव्वळ धातूच्या भागांनाच वापरावा. काचा पुसायचे निळे पाणी पुष्कळ जण वापरतात. त्यात अमोनिया असेल तर पितळ आणि वरचा मुलामा खराब होतो, तेव्हा भिजत तर मुळीच ठेवू नये. चष्म्याच्या दुकानात चष्मे धुण्याचे अल्ट्रासॉनिक यंत्र असते. ओळख असेल तर सुटे भाग त्यात पाच मिनिटे घालून घ्यावेत, फार चांगले निघतात.

नोझलच्या आतून स्वच्छ करायला दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश किंवा नायलॉनचा केस घ्यावा. शिवणाची सुई, टाचणी, पोलादी तार काहीही घालू नये. आमच्याकडे एका हुशार मुलाने गोधडीच्या सुईने नोझल 'मोकळे' केले होते. छिद्र मोकळे झाले खरे, पण रुंदही झाले आणि एका बाजूला झाले. त्यानंतर ती गन फक्त मोठ्या पट्ट्यांना कामी आली.

जोडताना आधी नोझल बसवावे. ते बोटांच्या जोरानेच आवळावे, पान्याने नुसता शेवटचा स्पर्श. त्याची पेरे रेशमासारखी बारीक असतात, जोर दिला की तुटतात. मग टोपी, मग मागून सुई, अडेल तिथपर्यंतच. "अजून थोडी जाईल" म्हणून ढकलली की नोझलचा ओठ फाटतो. आमच्या नोझलची चीर अशीच पडली असावी असे उस्तादांचे मत पडले.

शेवटी ट्रिगरच्या दांड्याला ग्लिसरिनचा किंचित हात लावावा. शिलाई मशीनचे तेल नको. ते हवेबरोबर पुढे येते आणि दुपट्ट्यावर तेलाचा डाग पडतो, जो रंग धरत नाही. डागाचा माल घेऊन बसण्यापेक्षा ट्रिगर थोडा जड चालला तरी परवडते.

एक खबरदारी रंग बदलताना घ्यावी. पाण्याच्या रंगानंतर लगेच थिनर घातला तर आत उरलेला रंग दह्यासारखा फाटतो आणि त्याची गोळी बनते. आधी भरपूर पाणी, मग पाणी पूर्ण उडवून टाकून थिनर. थिनरच्या रंगावरून पाण्याच्या रंगाकडे येतानाही असेच आधी थिनरने धुऊन, तो पूर्ण उडवून मगच पाणी घालावे. इनॅमलला टर्पेंटाइन आणि लॅकरला लॅकर थिनर हे तर रंगवाल्यांना माहीत असतेच.

तुंबू नये म्हणून

रंग सुती कापडाने गाळू नये. मलमल कितीही बारीक असली तरी ती तंतू सोडते, आणि आपण कचरा काढायला जाऊन कचरा घालतो. स्क्रीन छपाईच्या फ्रेमवर ताणतात ते नायलॉन किंवा पॉलिस्टरचे बोल्टिंग कापड वापरावे. त्याचे तुकडे कोणत्याही छपाईवाल्याकडे मिळतात. सोनेरी आणि मोतिया रंगात अभ्रकाचे कण असतात, त्यांना ०.५ चे नोझल लागते. चमकी तर गनमध्ये घालूच नये. ती वरून भुरभुरावी किंवा हाताने लावावी. आम्ही २०१६ च्या त्या लॉटमध्ये बारीक नोझलमधून मोतिया रंग उडवायला सांगितला होता, हेही कबूल करून टाकतो.

काम थांबवताना आधी ट्रिगर पुढे सोडून रंग बंद करावा आणि हवा क्षणभर चालू ठेवावी, म्हणजे टोकावर थेंब राहत नाही. सर्वांत जास्त गना तुंबतात त्या मात्र काम करताना नव्हे, तर सुट्टीत. जोहरची अजान झाली, मुले कपात रंग तसाच टाकून उठली, नमाज झाली, जेवण झाले, तासाभराने परत आली तर गन दगड. आमचे एक जुने कारागीर थट्टेने म्हणतात, "पहले गन को नहलाओ, फिर वुजू करो." यात दोन मिनिटे जातात.

रंगाचे धुके छातीत जाते, याकडे आपल्या कारखान्यांत कोणी लक्ष देत नाही. तोंडाला रुमाल बांधणे हा उपाय नव्हे. पाण्याच्या रंगाला निदान एन ९५ मास्क हवा. थिनरची वाफ त्यातून आरपार जाते, त्यासाठी कोळशाच्या डब्याचा मास्क लागतो आणि खिडकीत बाहेर फेकणारा पंखा. गन धुताना थिनर उडवला जातो तेव्हा जवळ बिडी-सिगारेट किंवा शेगडी असता कामा नये.

आता मजुरीचा प्रश्न. नगावर काम करणारा मुलगा दर दहा मिनिटांनी टोक पुसेल, रंग बदलताना गन धुवेल आणि संध्याकाळी ती खोलेल, तर त्याचे नग कमी होतील. म्हणून तो ते करत नाही, आणि आपण त्याला कामचोर म्हणतो. सफाईचा वेळ हा कामाचाच वेळ आहे. तो भावात धरला नाही तर तो पैसा सेकंडच्या मालात जातो. आम्ही आता नगाचा भाव थोडा वाढवला आहे आणि शिवाय रोजच्या सफाईची अर्ध्या तासाची मजुरी वेगळी देतो. ठिपक्यांचा माल परत आला तर आधी गन तपासायची, मग माणसाला विचारायचे, असे मुनीमजींना सांगून ठेवले आहे. काही व्यापारी मित्रांना हा फाजील खर्च वाटतो. त्यांनी आपल्या गोदामातले सेकंडचे गठ्ठे एकदा मोजून पाहावेत.

नवी गन घेणाऱ्यांनी तिच्याबरोबरच एक जादा सुई आणि एक जादा नोझल घेऊन ठेवावे. बाजारात स्वस्त चिनी गना पुष्कळ आहेत आणि शिकण्यासाठी त्या चालतात, पण एका कंपनीचे नोझल दुसरीला बहुधा बसत नाही, पेरे वेगळे असतात. तेव्हा सुटे भाग मिळतील अशीच गन घ्यावी. सुई आणि नोझल एकाच मापाचे घ्यावेत, ०.३ ची सुई ०.५ च्या नोझलमध्ये घातली तर रंग बंदच होत नाही. दुकानात जाताना जुने नोझल कागदाच्या पुडीत नव्हे, औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत न्यावे. पुडीतून ते हरवते.